मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला

वैशाख संपत आला होता आणि नैर्ऋत्येच्या कडेला पहिले विरळ ढग दिसू लागले होते, अशा एका सकाळी मी नेरूळहून उरणच्या गाडीत बसलो. मुंबईस जाण्यासाठी नेरूळच्या माणसाने उलट दिशेची गाडी धरावी, उरण गाठावे आणि मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावे, हा मार्ग व्यवहाराच्या दृष्टीने वळणाचा खरा. परंतु ज्या नगराचा जन्मच खाडीकाठी झाला त्या नवी मुंबईकडे एकदा पाण्याच्या बाजूने पाहावे, आणि जगभरच्या बंदरांतून मोठ्या प्रवासी जहाजांवर जी बंधने अलीकडे येत आहेत त्यांचा विचार आपल्या जुन्या जलमार्गावर बसून करावा, अशी इच्छा पुष्कळ दिवस मनात होती.

12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत पूर्ण झालेला हा लोहमार्ग पनवेलच्या खाडीवरून जातो. मागे बेलापूरचा डोंगर राहतो. त्याच्या पायथ्याशी, खाडीच्या मुखावर, सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि कंपनी सरकार अशा चार सत्तांचा अंमल पाहिलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या तारवांवर नजर ठेवणे हेच त्या किल्ल्याचे मुख्य काम. त्याच बेलापुरातून 17 फेब्रुवारी 2022 रोजी जलटॅक्सीचा प्रारंभ मोठ्या समारंभाने झाला. परंतु ती सेवा पुढे अखंड टिकली नाही. नेरूळची जेट्टी बांधून तयार झाली तेव्हा तिच्यामुळे भरतीच्या पाण्याची वाट अडते आणि शेजारच्या तळ्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा आसरा जातो, असा आक्षेप पक्षिप्रेमी नागरिकांनी हिरीरीने मांडला. जलमार्ग हवा आणि किनाराही जगला पाहिजे, या दोन रास्त इच्छांमधील ताण नवी मुंबईच्या या काठावर असा प्रत्यक्ष दिसतो.

गाडी पुढे गव्हाण, जासई, न्हावा-शेवा या गावांच्या मुलखातून जाते. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि येथील भातखाचरे व मिठागरे नव्या नगरासाठी संपादित होऊ लागली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी 1984 मध्ये झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक धारातीर्थी पडले. पुढे 1989 साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्या बंदरासाठी शेवा गावातून उठवलेल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवण्यात आले. तेथे घरांना वाळवीने ग्रासले, आणि पुनर्वसनाची दाद लागेना तेव्हा या कोळ्यांनी आपल्या होड्या थेट मालवाहू जहाजांच्या मार्गात नेऊन उभ्या केल्या. मोठ्या जहाजाला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या माणसाला आहे की नाही, हा प्रश्न परदेशी बंदरांपुरता नाही. तो आमच्या दारातला आहे.

उरण गावातून मोरा बंदरावर पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. धक्क्यालगतचा गाळ उघडा पडला होता, तिकीटघरासमोर माणसे पिशव्या-बोचक्यांसह बसून होती, आणि लाँच केव्हा सुटेल या माझ्या प्रश्नाला एका तांडेलाने समुद्राकडे पाहतच उत्तर दिले, “पानी भरला का सुटंल, काका.” येथे गाळ साचतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीत लाँचसेवा काही तास तहकूब ठेवावी लागते, ही उरणकरांची नित्याची अडचण आहे, आणि गाळ वेळच्या वेळी काढावा ही त्यांची मागणी न्याय्य आहे. तथापि त्या बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. ज्या घरांत तिथीवरून उधाण आणि भांग ओळखण्याची परंपरा आहे त्यांना आजची खोळंबा-घटिका कालच ठाऊक होती. अडवणूक होती, संदिग्धता नव्हती. या भेदाने माझ्या मनात घर केले, आणि पुढील सर्व इतिहास मला त्याच दृष्टीने दिसू लागला.

समोर घारापुरीचे बेट होते. ऐहोळेच्या इ. स. 634 च्या शिलालेखात चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी पश्चिम समुद्रावरील ‘पुरी’ नगरी जिंकल्याचे वर्णन आहे, आणि ती पुरी म्हणजे हीच, असे काही विद्वान मानतात. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि त्याआधीपासूनच अरबी समुद्रावर त्यांनी एक नवी रीत रूढ केली होती: पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ नसेल ते जहाज जप्त. ज्या समुद्रावर अरब, गुजराती आणि कोकणी व्यापारी पिढ्यानुपिढ्या मोकळेपणाने फिरले त्यावर ही मनाई जुलमी होती, यात शंका नाही. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपला अंमल बसवला तेव्हा त्यांनीही दस्तकाची पद्धत चालवली. जो दस्तक घेईल त्याला संरक्षण, जो घेणार नाही त्याच्याशी वैर. इंग्रजांनी ते दस्तक मानण्यास नकार दिला आणि कान्होजींना चाचे ठरवले. परंतु स्वतःच्या किनाऱ्यावरून कोणी जावे हे ठरवणारा चाचा कसा, हा प्रश्न इंग्रज बखरकारांनी स्वतःला कधी विचारला नाही. तथापि दस्तकाचे एक लक्षण विसरता येत नाही: ते हाती असले की खलाशाला आपण सुरक्षित आहोत हे नांगर उचलण्यापूर्वीच कळत असे.

पाणी भरले आणि लाँच सुटली. डावीकडे करंज्याचा किनारा आणि द्रोणागिरीचा डोंगर मागे सरकला, उजवीकडे घारापुरी, आणि पुढे तेलवाहू जहाजे लागतात ते जवाहर द्वीप. अंगावर जीवरक्षक जाकीट चढवताना याच पाण्यातील 18 डिसेंबर 2024 चा दिवस आठवल्यावाचून राहिला नाही. त्या दुपारी गेट वेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जीव गेले. नंतर जाकिटाची सक्ती कठोर झाली. दक्षिणेस, बंदराच्या तोंडाशी, काशाचा खडक आहे. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट त्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईला त्या अपघाताचा कित्येक तास पत्ताही नव्हता. पोहून किनारा गाठलेल्यांनी वार्ता आणली. ऐन आषाढात, अमावास्येच्या सणाला घरी निघालेल्या त्या माणसांना कोणी धक्क्यावरच अडवले असते तर ती रागावली असती, परंतु जगली असती. म्हणून पावसाळ्यात गेट वे ते मांडवा या मार्गावरील लहान लाँचा बंद राहतात, आणि बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला की मोऱ्याची लाँचही थांबते, तेव्हा त्या मनाईमागे सहाशे घरांचा आक्रोश आहे हे आपण ओळखले पाहिजे. कोळी तर ही मनाई धर्म म्हणून पाळतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून ती उठवतो.

मुंबईचा किनारा जवळ आला. या धक्क्यांच्या मागेच मांडवीची वस्ती; 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तेथे प्लेगचे निदान केले आणि मुंबई बंदर सर्व जगाला संशयास्पद झाले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला. बंदरात येणाऱ्या वा तेथून निघणाऱ्या जहाजाची तपासणी करण्याचा आणि त्यात चढू पाहणाऱ्या माणसाला अटकावून ठेवण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला मिळाला. त्याच सुमारास मुंबई आणि कराचीहून होणारी हजयात्रा बंद करण्यात आली, आणि आयुष्यभराची पुंजी गाठीशी बांधून निघालेल्या यात्रेकरूंच्या वाट्याला प्रतीक्षा आली. प्लेगविषयी राष्ट्रांची परिषद त्या वर्षी भरली ती व्हेनिस नगरीत. 2020 च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा सरकारने प्रथम हात घातला तो याच सव्वाशे वर्षांच्या कायद्याला, आणि परदेशी प्रवासी जहाजांना भारतीय बंदरे बंद झाली.

बॅलार्ड पिअरकडे पाहिले की तेथील नव्या प्रवासी जहाज स्थानकाचा विस्तार डोळ्यांत भरतो. येथूनच 2021 च्या अखेरीस नववर्षाच्या सफरीला निघालेले ‘कॉर्डेलिया’ जहाज सुमारे दोन हजार माणसांसह मुरगाव बंदरात पोहोचले. एक कर्मचारी करोनाबाधित आढळल्यावर सर्वांची तपासणी झाली, 66 जण बाधित निघाले, आणि गोवा सरकारने प्रवाशांना उतरण्यास अनुमती दिली नाही. जहाज 4 जानेवारी 2022 रोजी मुंबईस परतले. त्यात मुंबई-नवी मुंबईची कुटुंबे होती, वृद्ध होते, मुले होती. गोव्याने आपल्या लोकांच्या आरोग्याची काळजी घेतली हे योग्यच. परंतु पैसे भरून, प्रमाणपत्रे दाखवून चढलेल्या माणसाला आपण उतरणार कुठे, केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने हे तासन् तास कळू नये, हे योग्य नव्हे.

आज हाच प्रश्न साथीवाचूनही उभा आहे. व्हेनिसच्या जुन्या जलमार्गातून 25,000 टनांवरील जहाजांना 1 ऑगस्ट 2021 पासून बंदी झाली. प्लेगच्या भयाने 1377 साली परक्या जहाजांना तीस दिवस दूर ठेवणाऱ्या दुब्रोव्हनिकने आता एका वेळी दोनच जहाजांची मर्यादा घातली आहे. अलास्कातील जुनो शहराने दिवसाला पाच मोठ्या जहाजांचा करार केला. जेथे काही हजारांच्या वस्तीवर एका सकाळी तितकेच पाहुणे उतरतात, पाणी, रस्ते आणि शांतता व्यापतात आणि संध्याकाळी निघून जातात, तेथील नागरिकांनी मर्यादा मागावी यात मला काहीही गैर वाटत नाही. घारापुरीच्या गावकऱ्यांनी किंवा करंज्याच्या कोळ्यांनी उद्या तसे म्हटले तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

परंतु मनाई करणाऱ्यावर एक ऋण चढते, आणि ते तिकीट विकणाऱ्यावरही चढते. नियम जहाज निघण्यापूर्वी, किंबहुना तिकीट फाडण्यापूर्वी जाहीर व्हावा. त्याचे कारण सांगितले जावे. बंदर बदलले तर कोणते, पैसे परत मिळणार तर किती दिवसांत, हे करारात स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. आणि ज्यांनी वर्षभर आधी नोंदणी केली त्यांच्यावर नवा नियम आज रात्री आणि उद्या सकाळी असा कोसळू नये. उधाणाची वेळ, बावट्याचा क्रमांक आणि शेवटच्या लाँचचा तास उरण आणि नेरूळच्या स्थानकांवर फलकावर लावण्यास फार मोठ्या खजिन्याची गरज नाही, इच्छा पुरे. नव्या जेट्ट्या आणि नवे मार्ग नवी मुंबईत येत आहेत, तोवरच ही शिस्त बसवली तर ती टिकेल.

एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य नावाच्या मराठी गृहस्थाने प्रवाशांची आणि मालाची सोय व्हावी म्हणून धक्का बांधला, आणि त्याचे नाव आजही कोकणच्या प्रत्येक घरात घेतले जाते. दगड-चुन्याचा धक्का बांधणाराचा जर एवढा लौकिक होतो, तर बंदराचा दरवाजा केव्हा उघडेल आणि केव्हा मिटेल हे प्रवाशाला आगाऊ आणि प्रामाणिकपणे सांगणाऱ्या शासनाचा लौकिक त्याहून कमी होणार नाही. किनाऱ्याचा हक्क आणि प्रवाशाचा हक्क यांत वैर नाही. दोघांनाही एकमेकांचा शब्द वेळेवर मिळाला पाहिजे, एवढेच.