खिडकीच्या आत-बाहेर

सुट्टी लागली की बेळगाव-पुण्याकडे मुलांना चारचौघांत वावरायला शिकवणारी शिबिरं सुरू होतात. नजरेला नजर द्या, हात नीट मिळवा, स्वतःची ओळख करून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात १० जीवनकौशल्यं सांगितली. त्यात संवाद आणि परस्परसंबंध ही दोन आहेत. यादीशी माझं भांडण नाही. पण जोयड्याच्या मुलांना ती जशीच्या तशी लावली, की गडबड होते.

जोयडा म्हणजे कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातला जुना सुपा तालुका. मूळ सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेलं आणि तिथली कितीतरी कुटुंबं रामनगरला आली. बाकी सगळं रान. कुणब्यांची घरं एकमेकांपासून लांब, गवळ्यांचे वाडे त्याहून आत. बाहेरून बदलून आलेले मास्तर पहिल्याच महिन्यात हमखास म्हणतात, ‘पोरं फार बुजरी आहेत हो, तोंडच उघडत नाहीत.’

त्या मास्तरांनी हिवाळ्यात कंदमुळांच्या मेळ्याला जावं. आईशेजारी गोणपाटावर बसलेली नऊ-दहा वर्षांची पोर कंदाचं टोक नखाने खरवडून आतला पांढरा गर गिऱ्हाइकापुढे धरते. गोव्याच्या बाईंशी कोकणी, खानापूरच्या मामांशी मराठी, दांडेलीहून आलेल्याशी कन्नड. भाव उतरवायला गेलात तर गप्प बसून तुमच्याकडे नुसती बघत राहते आणि तुम्हीच पुन्हा वर येता. हे तिला कुणी शिकवलं? काम अंगावर पडलं आणि जीभ सुटली, एवढंच. शाळेतही असंच घडतं. कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली नलि-कलि पद्धत पहिली ते तिसरीची मुलं एकत्र, गटागटाने गोल बसवते. त्यातला एक गट सोबत्यांच्या मदतीने शिकणाऱ्यांचा असतो. धाकट्याला कार्ड वाचून दाखवता दाखवता थोरली शिकते ते समोरच्याला कळेपर्यंत थांबणं. (मला विचाराल तर हा धडा कार्डावरच्या अक्षरांहून मोठा आहे.) महाराष्ट्रात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुराखी पोरांसाठी कुरणशाळा चालवली, तीही मूल जिथे मोकळं असतं तिथे जाऊनच.

मग ही बोलकी पोर अडते कुठे? खिडकीशी. बँक असो, दाखल्याची कचेरी असो, नाहीतर दवाखान्यातली केसपेपरची रांग असो. तिथे तिचे आजोबाही अडतात, आणि त्यांनी तर सगळा जन्म माणसांत काढलेला असतो.

एका शाळेत सातवीच्या वर्गात सरांनी कचेरीचा खेळ लावला होता, तो मी मागच्या बाकावरून पाहिला. खिडकीशी कोण बसणार म्हणताच पाच हात वर. निवडलेली मुलगी खुर्चीवर बसली, वही उघडली आणि मान खाली घातली. आजोबा झालेला मुलगा काठी टेकत आला, दोनदा खाकरला. तिने वर बघितलं नाही. शेवटी पान उलटत, एकेरीत, अस्सल कन्नडमध्ये म्हणाली, ‘उद्या ये.’ वर्ग हसून लोटपोट. आजोबाही निमूट वळले, कारण घरचे आजोबा तसेच वळतात.

माझ्या मते इथे शिकवण्यासारखी गोष्ट एकच होती : न वळणं. ‘कळलं नाही, परत सांगा’ हे न चिडता, न लाजता म्हणणं. सरांनी नेमकं तेच घेतलं. दुसऱ्या फेरीत आजोबांनी पुन्हा विचारायचं आणि खिडकीतलीने वर बघून उत्तर द्यायचं, असा नियम झाला. दोन-तीन आजोबा झाले तशी ती वैतागली. ‘सर, सगळ्यांना दोन-दोनदा सांगत बसले तर माझं काम कधी उरकायचं?’

खोटं नव्हतं ते. वर्गात दोन तट पडले. एकाने तोडगा काढला की कोणते कागद लागतात ते फळ्यावर लिहून बाहेर टांगावं, तिन्ही भाषांत. दुसरा म्हणाला, आजोबांना वाचता येत नाही, त्यापेक्षा दाराशीच एक सांगणारा बसवा. तिथे कुणाला बसवायचं यावरून पुन्हा जुंपली, आणि सरांनी पुढचा तासही त्यालाच देऊन टाकला.