आधी खिडकी कुठे ते सांगा

मशीन तपासायला लेझर लावायचा म्हटलं की सगळे अचूकता विचारतात. मी आधी खिडकी बघतो! मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात. हवा १ अंशाने तापली तर मीटरमागे जेमतेम १ मायक्रॉनचा फरक, पण पोलाद? ते साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं.

चाकणच्या एका टूलरूममध्ये दुपारी आकडे बिघडायचे आणि बोलणी खायचा बिचारा ऑपरेटर. पश्चिमेचं ऊन थेट बेडवर, आणि पोलादाचं तापमान घेणारा सेन्सर एसीच्या झोतात, गारेगार! सॉफ्टवेअर तरी काय करणार? त्याला सांगाल तेच खरं. सेन्सर बेडच्या मधोमध लावला. पडद्याच्या मंजुरीला मात्र तीन आठवडे लागले... तोवर लेझरची तपासणी सकाळी सातला. असो, ऑपरेटरची बोलणी तरी थांबली.