चौक आधी, पिशव्या मागून

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र मिळालं. डहाणूकडच्या बचत गटातल्या बायकांना वारली चित्रं शिकवायला बाहेरून शिक्षक आणायचा आणि पिशव्या, किटल्या रंगवून विकायच्या, हा तुझा बेत वाचला. तुझी तळमळ मला ठाऊक आहे, म्हणून मोकळेपणी लिहिते. शिक्षक बाहेरून कशाला, मुक्ता? वारल्यांच्या लग्नघरी भिंतीवर चौक लिहायचा मान सवाशिणींचा. त्यात पालघट देवी काढायची तीही त्यांनीच, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच!

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले आणि चित्रं भिंतीवरून कागदावर उतरली. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तो मान अगदी सार्थ होता. पण बाजार आला तशी चित्रांखाली नावं बहुतेक पुरुषांचीच येत गेली. भिंतीवर सही करायची रीत नव्हती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायका निनावीच राहिल्या. आज कितीतरी जणी कागदावर, कापडावर काम करतात, तरी भाव ठरवायला पुढे येतो तो घरातला पुरुष किंवा दलाल.

एका लग्नात मी चौक लिहिणाऱ्या आजींजवळ बसले होते. शेणामातीनं लिंपून गेरू दिलेला कूड, तांदूळ वाटून केलेलं पांढरं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ओली रेघ धड दिसतही नाही, वाळल्यावर पांढरीशुभ्र उमटते. तोवर हात अंदाजावर चालतो, आणि बाजूला गाणी चालूच. हा अंदाज आठवड्याच्या शिबिरात कुठून येणार? पोरींना त्या आजींच्या शेजारी बसव. आजींना शिकवण्याचं मानधन दे.

कारवीचे कूड जाऊन विटांची घरं येताहेत. पक्कं घर पाड्यावरच्या लोकांना मिळालंच पाहिजे. पण त्यातही एक भिंत लिंपून ठेवता येते, हे घरकुलाच्या वेळीच बोलायला हवं.

विकायचं काय, हे बायकांना ठरवू दे. तारपा नाच, भातलावणी खुशाल पिशवीवर येऊ दे. पालघटीचा चौक मात्र त्यांना विचारल्याशिवाय कशावरही छापू नकोस. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकीची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं कर. पैसे तिच्याच खात्यात जमा होऊ देत आणि प्रत्येक नगावर तिचं नाव असू दे. कागदपत्रांचा व्याप मोठा आहे, पण तुझं शिक्षण इथेच कामाला येईल.

पहिली बैठक पाड्यावर घे. धवलेरींना बोलावशील तेव्हा त्यांची बुडालेली मजुरी भरून द्यायची तजवीज आधी कर. तारीख कळव, मी येते.

तुझी,
आत्या