साडीच्या पिशवीत ब्रेकचा ड्रम

करोल बाग म्हटले की साड्या, लग्नाचे लेहंगे आणि सोन्याचे दागिने. ग्वाल्हेरहून दिल्लीला गेलेली आमच्यातली बाई आधी तिकडेच वळते. मीही वळले. पण या खेपेस माझ्या कापडी पिशवीत बुलेटच्या पुढच्या चाकाचा हब आणि ब्रेकची प्लेट होती, आणि ह्यांच्या खांद्यावर फोर्कचे दोन पाय, सासऱ्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेले. मेट्रोच्या तपासणीत शिपायाने धोतर सोडायला लावले तेव्हा मी चार पावले लांब जाऊन उभी राहिले, हे कबूल करते.

गाडी मामंजींची, १९७१ सालची. त्यांच्यामागे ती ह्यांच्याकडे आली. आता धाकटा ती चालवायला मागतो. गेल्या वर्षी मला मागे बसवून तो किल्ल्यावर घेऊन गेला. येताना उरवाई दरवाजाच्या उतारावर समोरून गाय आली. या जुन्या बुलेटचा पायाचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे असतो. हल्लीच्या गाड्यांचे नेमके उलट. मुलाचा पाय सवयीने उजवीकडे गेला. शिवाय या गाडीचा पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली, त्यामुळे दाबताच गाडी थांबायची सोडून वरच्या गिअरमध्ये पडली आणि उतारावर सुटली. राहिला हाताचा ब्रेक. तो मुठीला टेकेपर्यंत ओढला तरी सहा इंची ड्रम नुसता कुरकुरला. कठड्याला घासून आम्ही थांबलो. माझ्या कोपराला सात टाके पडले. गाय जागची हलली नाही.

घरी वाद पेटला. मुलाचे म्हणणे, पुढे मोठा ब्रेक बसवा. ह्यांचे म्हणणे, बाबांच्या गाडीचा एक नट बदलायचा नाही. मी सांगितले, "अहो, ब्रेक तरी बदला, नाहीतर गाडी विका." दोन दिवस कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुढचे चाक उतरलेले दिसले.

करोल बागेत फाळणीनंतर पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि ही वस्ती व्यापाराची पेठ झाली. अजमल खाँ रोडची गर्दी मागे टाकून नाईवाला भागाच्या गल्ल्यांत शिरले की कपड्यांची दुकाने संपतात आणि वाट बुलेटच्या अंगाखांद्यांतून जाते. छताला टांगलेले सायलेन्सर, भिंतीवर मडगार्ड, दोरीत ओवलेले आरसे. भारतभर फिरायला निघालेले परदेशी पाहुणेही जुनी बुलेट घ्यायला इथेच येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सोमवारी हा बाजार बंद असतो. ह्यांनी सोमवारच ठरवला होता, मी तो मंगळवारवर नेला.

इथे जुन्या गाडीला नव्याचे भाग लावण्याचा धंदा चालतो तो एका कारणाने. बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, पुढे सगळी गाडीच तिथे बनू लागली. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची ही बुलेट २०१०च्या सुमारापर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. म्हणून १९७१ची आणि १९९५ची गाडी शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. पण बहिणींच्या बांगड्या एकमेकींच्या हातात जातातच असे नाही.

पहिल्या दुकानदाराने डिस्क ब्रेक पुढे केला. त्यासाठी कॅलिपर बसवायला कान असलेला वेगळा फोर्क हवा, हब वेगळा, हँडलवर तेलाची डबी. "गाडीचा चेहराच जाईल," हे म्हणाले आणि पुढे चालू लागले.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री जमिनीवर बसून चाकाचे आरे ओढत होते. त्यांनी आमचा हब, प्लेट आणि फोर्कचे पाय पोत्यावर मांडले. शेजारी ठेवला पाचशेच्या बुलेटचा सात इंची ड्रम आणि त्याच गाडीच्या फोर्कचे पाय. मला तर दोन्ही जोड्या एकच दिसत होत्या. त्यांनी व्हर्नियर काढून एक्सेलची जाडी मोजली, मग दोन पायांमधले अंतर, मग फोर्कच्या पायावरचा ब्रेकप्लेट अडकवायचा खुंट. पहिली दोन मापे जमली. खुंट जमला नाही.

"बहनजी, सारा खेल इसी का है," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. ब्रेक दाबला की फिरता ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर ओढतो. तिला धरून ठेवतो तो हा खुंट. तो ढिला असेल किंवा तुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते, चाक जाम होते आणि बसणारा हँडलवरून पुढे. काहीजण प्लेटच्या खाचेला कानस मारून जुन्या फोर्कवर बसवतात. तसे काम मिस्त्री करत नव्हते. घ्यायचे तर पायांची जोडी, हब आणि प्लेट एकत्र, नाहीतर जुना ब्रेक लायनर बदलून चालवा.

नव्या ब्रेकचे वर्म त्यांनी पेन्सिलीने पुठ्ठ्यावर काढून दाखवले. जुन्यात दोन शूंपैकी एकच फिरत्या ड्रमच्या ओढीने आपणहून घट्ट बसतो, दुसरा ढकलला जातो. नव्यात दोन कॅम, म्हणून दोन्ही शू घट्ट बसतात. दोन्ही कॅम जोडणारी बाहेरची दांडी मात्र अशी लावायची की दोन्ही शू एकाच वेळी टेकतील. आणि एक खोड. गाडी चढावर उभी असताना मागे घसरू लागली तर हा ब्रेक तितका धरत नाही. तिथे पायाचा ब्रेक हवाच. मी ते पुठ्ठ्याचे चित्र मुलासाठी मागून घेतले.

हे अजून घुटमळत होते. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत, आणि मग ती रोजच्या वापराला चालत नाही. ह्यांना ती पाटी खुणावत होती. मी कोपर पुढे केले. ह्यांनी पाकीट काढले.

आरे ओवायला तीन तास लागणार होते. हब मोठा झाला की आरे आखूड लागतात, तेही नवे घ्यावे लागले. तेवढ्यात मी साड्या पाहून आले, पण घेतली एकही नाही. सराफ गल्लीत माझी आणि ह्यांची मराठी ऐकून एका गलाईवाल्याने हाक मारली, "ताई, आम्ही विट्याकडचे!" सांगलीकडची ही माणसे सोने गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांनी चहा पाजला आणि पिशवीत काय आहे विचारले. जुना ड्रम पाहून ते सोन्याइतक्याच गंभीरपणे हातात घेऊन पाहू लागले.

परतीच्या गाडीत ते तयार चाक आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते.

मुलाने महिनाभर रिकाम्या मैदानात डाव्या पायाची सवय केली, मगच मी मागे बसले. पुन्हा तोच उतार. गाय नव्हती, पण वळणावर त्याने मुद्दाम दोन बोटांनी ब्रेक ओढला आणि माझे नाक त्याच्या पाठीवर आपटले. जुना हब, प्लेट आणि फोर्कचे पाय ह्यांनी ग्रीस लावून, नावाची चिठ्ठी बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. पेटी माळ्यावर, माझ्या लोणच्याच्या बरण्यांच्या जागी.