विस्तव दारात, ऊब घरात

कार्तिकी पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले होते. कपिलधार येथील मन्मथस्वामींची यात्रा उलगली होती आणि मांजरसुंब्याच्या चौकातील गर्दी ओसरली होती. बालाघाटाच्या डोंगररांगेतील हे गाव तसे लहान. परंतु सोलापूर-धुळे महामार्गाला केजचा आणि अहिल्यानगरचा रस्ता येथेच मिळतो. त्यामुळे या चौकाला रात्रीही पुरती झोप अशी येतच नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या चौकातून आणखी एक यात्रा जाऊ लागते. तिला ना पालखी, ना पताका. ती असते ऊसतोड कामगारांची. मुकादमाकडून उचल घेतलेली बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी त्यांची मोजदाद. पाच-सहा महिन्यांचा संसार गाडीत भरायचा आणि चैत्राच्या आगेमागे गावी परतायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे.

त्या रात्री असाच एक ट्रॅक्टर चौकापलीकडे, रस्त्याच्या कडेला थांबला होता. मागच्या ट्रॉलीचे चाक बसले होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे सकाळपर्यंत, हलण्याची सोय नव्हती. ट्रॉलीत ज्वारीची पोती होती, भांडीकुंडी होती, कोपी उभारण्याचे बांबू होते, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या. आणि या सगळ्यांवर ताडपत्री ओढून केलेल्या आडोशात एक तरुण आई पाच महिन्यांच्या बाळाला पोटाशी धरून बसली होती.

माळावरचा वारा ताडपत्रीच्या फटींतून सुरीसारखा आत शिरत होता. खाली बाभळीच्या काटक्यांची शेकोटी पेटली होती. तिच्याभोवती पुरुषमंडळी हात शेकत होती आणि आठ वर्षांचा नातू आजीच्या पदरात शिरून पेंगत होता. एवढ्यात बाळ रडू लागले. त्याचे हातपाय गार पडले होते. आई खाली उतरली. तिने घमेल्यात निखारे भरले आणि ते ट्रॉलीत चढवण्यासाठी उचलले.

"कुठं निघालीस गं?" म्हातारीने विचारले.

"आत ठिवते, आत्याबाई. लेकरू गारठलंय. धूर न्हाई ह्याला. नुसता लालभडक इंगळ हाये."

"धूर न्हाई, म्हणूनच भ्या वाटतं," म्हातारी उठत म्हणाली. "ठेव खाली. इस्तू दारात असावा. आत न्यावी ती ऊब!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी तरळले. रडते बाळ आत आणि धगधगते निखारे बाहेर, हे तिला पाहवेना. म्हातारी मात्र रागावली नाही. तिने शेकोटीच्या कडेला आधीच ठेवलेल्या दोन विटा काठीने बाहेर ओढल्या, थोडा वेळ निवू दिल्या, जुन्या लुगड्याच्या धडप्यात चार-चार पदरी गुंडाळल्या आणि आपल्या गालाला लावून पाहिल्या. मग त्यांतील एक गोधडीखाली आईच्या पायांशी आणि दुसरी बाळापासून वीतभर दूर ठेवली. वाऱ्याच्या बाजूला तिने ज्वारीची पोती रचली. पण दुसऱ्या बाजूची फट मात्र उघडीच ठेवली. थोड्याच वेळात बाळाचे रडणे थांबले.

तेव्हा कुठे म्हातारीने सुनेला कारण सांगितले. फार वर्षांपूर्वी, उसाच्या फडावर, हाडे गोठवणाऱ्या एका रात्री शेजारच्या कोपीतील जोडप्याने निखाऱ्यांचे घमेले आत घेतले आणि दाराला पोते लावले. सकाळी फडाकडे जाण्यासाठी लोकांनी हाका मारल्या. पण आतून उत्तर आले नाही. अंगावर भाजल्याची खूण नव्हती की कोपीत धूर नव्हता.

म्हातारीला अक्षरओळख नव्हती. परंतु तिने जे ओळखले होते, त्यात तसूभरही चूक नव्हती. लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात शिरला, की प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. चोर पावलांचा आवाज तरी करतो; हा वायू तेवढाही करत नाही.

अमेरिका, कॅनडा यांसारख्या थंड देशांत काही लोक हौसेने चाकांवरच्या घरांतून प्रवास करतात. बाहेर बर्फ पडत असले, तरी ती घरे आतून उबदार असतात. कारण त्यांत गॅसवर चालणारी लहानशी भट्टी बसवलेली असते. तिची रचना पाहण्यासारखी आहे. गॅस एका बंद कोठीत जळतो. जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून येते आणि जळून उरलेले वायू नळीवाटे बाहेरच जातात. पंखा खोलीतील हवा त्या कोठीच्या तापलेल्या भिंतीवरून खेळवतो आणि केवळ ऊब आत येते. एवढे करूनही, कोठे गळती झाली तर कळावे म्हणून घरात विषारी वायूची सूचना देणारी घंटा लावतात. ज्वाला वेगळी आणि ऊब वेगळी, हेच त्या यंत्राचे सारे शहाणपण! मांजरसुंब्याच्या माळावर तेच काम दोन विटा आणि एक धडपा यांनी केले होते. घंटेच्या जागी म्हातारी स्वतः रात्रभर जागी होती.

पूर्वेकडे तांबडे फुटले. चाक बसवून झाले. पुरुषांनी शेकोटीवर पाणी ओतले, ट्रॅक्टर धडधडू लागला. ताडपत्रीच्या फटीतून बाळाचा आवाज आला. पण तो रडण्याचा नव्हता. सुनेने खाली वाकून सासूला हात दिला.

"आत्याबाई, बसा लवकर."

"थांब," म्हातारी म्हणाली, "माझ्या विटा ऱ्हायल्या."

"त्या मी कवाच आत घेतल्यात," सून म्हणाली.

म्हातारी हसली. ट्रॅक्टरने वळण घेतले आणि तो पश्चिमेच्या रस्त्याला लागला. थंडीचे अजून तीन महिने जायचे होते.