कोऱ्या पानावरच्या सह्या

मागच्या रमजानमध्ये मास्तरांच्या मुलाने एक कापडी पिशवी आणून आमच्यापुढे ठेवली. "अब्बांच्या ट्रंकेत होती. वर तुमची नावं आहेत," एवढेच बोलला आणि इफ्तारची वेळ झाली म्हणून निघून गेला. पिशवीत लाल बांधणीची हिशेबाची वही होती, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या आणि पेटीची गंजलेली किल्ली होती. ती पेटी कुठे आहे हे आता आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही सातजण होतो. आता चौघे उरलो आहोत. हे लिहितो आहोत ते चौघांच्या वतीने. गेलेल्या तिघांनाही हे मान्य झाले असते असे धरून चालतो.

गोष्ट जळोचीची आहे. त्या वेळी जळोची आणि बारामती यांच्यामध्ये ऊस उभा असायचा, रस्त्याला रात्री दिवे नव्हते. पुढे बारामती वाढत वाढत अंगावर आली आणि गाव नगरपरिषदेच्या हद्दीत गेले. आमची घरे मोजकी. कुणी मुलाणी, कुणी तांबोळी, कुणी बागवान, कुणी अत्तार. कुणाचा हातगाडा, कुणाचे शिलाई मशीन, कुणी एमआयडीसीत कंत्राटी कामावर. अडीनडीला पैसा लागला की एकच दार, सावकाराचे. व्याज देणे-घेणे हराम हे सगळ्यांनाच माहीत, पण पोराला दवाखान्यात ठेवल्यावर हराम-हलालचा विचार करायला सवड कुठे असते?

म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही एक बैतुलमाल सुरू केला. फार मोठे काही नव्हते. दर जुम्म्याला नमाजनंतर पत्र्याच्या पेटीत पाच-दहा रुपये टाकायचे आणि ज्याला गरज असेल त्याला बिनव्याजी कर्ज द्यायचे. अध्यक्ष म्हणून चाचांना बसवले, कारण त्यांचा धंदा चांगला, हज झालेले, पोलीस ठाण्यापासून तहसीलपर्यंत त्यांना मान. हिशेब मास्तरांकडे. मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले, मोरोपंतांच्या आर्या पाठ असलेले गृहस्थ. ते म्हणायचे, बारामतीत राहून पंत येत नसतील तर कऱ्हेचे पाणी वाया गेले. आम्ही सातजण पंच. बँकेतले खाते दोघांच्या नावावर, पैसे काढायला दोघांच्या सह्या. नोंदणी पुढच्या वर्षी करू असे ठरले. ते पुढचे वर्ष कधी आले नाही.

पहिली तीन-चार वर्षे इतकी चांगली गेली की आज आठवले तरी बरे वाटते. एका पोरीची नर्सिंगची फी भरली. दोघांनी हातगाडे घेतले आणि ठरल्याप्रमाणे फेडलेही. मंडईत लिंबं-मिरच्या विकणारी एक बागवान खाला होती. ती दर जुम्म्याला नातवाच्या हाती सुट्टे पैसे पाठवायची. मास्तर त्या चिल्लरीचीही पावती फाडायचे. आम्ही हसायचो. "खालाला वाचता येतं का, मास्तर?" ते म्हणायचे, "पावती तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

मग चाचांच्या मेहुण्याला मोठे कर्ज हवे झाले. आमची मर्यादा ठरलेली होती, मागणी तिच्या कितीतरी पट होती. चाचा म्हणाले, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, घरातलीच माणसं. आम्ही मान हलवली. दोन महिन्यांचे सहा झाले. मास्तरांनी बैठकीत विषय काढला तेव्हा चाचा काही बोलले नाहीत. बोलला तो त्यांच्या शेजारी बसलेला. "हिसाब मांगताय मास्तर, भरोसा नै क्या?"

त्यानंतर काय झाले ते आम्हालाच लाजिरवाणे आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बैठकीचे प्रोसिडिंग लिहायची एक वही होती. बैठक रात्री इशानंतर व्हायची आणि सगळ्यांना घरी जायची घाई असायची. म्हणून आम्ही पानाच्या खालच्या बाजूला आधीच सह्या करून ठेवायचो, मजकूर नंतर लिहिला जायचा. बँकेच्या स्लिपांचेही तेच. सही करणारा दुसरा पंच दौंडला नोकरीला होता, रोज कोण त्याच्या मागे फिरणार? तो पाच-सहा कोऱ्या स्लिपा एकदम सही करून द्यायचा. यात कुणाचा डाव नव्हता. सोय होती.

एके दिवशी कळले की मास्तरांना हिशेबातून मुक्त केल्याचा ठराव झाला आहे. वही पाहिली. मजकूर दुसऱ्याच्या अक्षरातला, खाली सह्या आमच्या, सातही. त्या रात्री असा विषय निघालाच नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि कुणीतरी म्हणाले, जाऊ द्या, मास्तरांचे वयही झाले आहे. मास्तरांनी वही मागितली नाही, भांडलेही नाहीत. फक्त आपल्या काळातला हिशेब पुरा करून देतो म्हणाले. तो घ्यायला कुणी गेले नाही.

आता थोडे मागे जायला हवे. हे सगळे होण्यापूर्वी एका दिवाळीच्या सुट्टीत मास्तर आम्हाला एसटीने बिदरला घेऊन गेले होते, महमूद गवानचा मदरसा पाहायला. १४७२ चे बांधकाम. दोन मिनारांपैकी एकच शिल्लक, दर्शनी भागाचा मोठा तुकडा गायब, आणि उरलेल्या भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशा. औरंगजेबाच्या काळात तिथे ठेवलेल्या दारूचा स्फोट झाला असे सांगतात. आम्ही फोटो काढण्यात गुंतलो होतो. मास्तर पायरीवर बसून गवानची गोष्ट सांगत होते.

गवान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. चार मोठे सुभे तोडून त्याने आठ केले, एका सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी सुरू केली. सरदारांच्या ज्या कमाईला कुणी हात लावत नव्हते, तिथे त्याने हिशेब मागितला. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट आधीपासून होतेच. गवानच्या विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवले आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मजकूर नंतर लिहिला. ओडिशाच्या राजाला, या, राज्य घ्या, असे आमंत्रण. सुलतान तिसरा मुहम्मदशहा दारूच्या नशेत होता. त्याने विचारले, शिक्का तुझाच का? गवान म्हणाला, शिक्का माझा, पत्र माझे नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्या म्हाताऱ्या वजिराचे डोके उडवले गेले. सुलतानाने त्याच्या खजिन्याचा शोध घेतला तेव्हा फारसे काही हाती लागले नाही, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. वर्षाच्या आत सुलतानही गेला.

या कटामागे मलिक हसन निजामुल्मुल्क होता. गवाननंतर तोच कर्ताधर्ता झाला आणि १४८६ मध्ये त्याचाही खून पडला, पुन्हा आपल्याच माणसाकडून. त्याचा मुलगा मलिक अहमद आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला होता. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र निजामशाही उभी केली. बहमनीचे पाच तुकडे झाले. विजयनगर शेजारी होतेच, लढायाही होत होत्या. पण बहमनी राज्य कुठल्या शत्रूने जिंकून घेतले नाही.

आणि निजामशाहीने तरी काय शहाणपण घेतले? मोगलांच्या वेढ्यात अहमदनगर लढवणाऱ्या चांदबिबीला १६०० मध्ये किल्ल्यातल्याच लोकांनी मारले, ती मोगलांना मिळाली अशी आवई उठवून. पुढे मलिक अंबरने पंचवीसेक वर्षे राज्य सावरले, जमिनीची व्यवस्था लावली. १६२६ मध्ये तो गेला. त्याच्याच मुलाने, फत्तेखानाने, धन्याला मारले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. आमच्या तालुक्यातले सुपे, तिकडे इंदापूर, हा सगळा मुलूख त्याच राज्याचा. घरात "आपली निजामशाही" असे अभिमानाने सांगणारे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. ती कशी बुडाली हे मात्र कुणी सांगत नसे. मोगल आले आणि गेली, इतकेच.

मास्तरांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला तो इतिहासाचा तास वाटला. कोऱ्या कागदाचा भाग तर आमच्या लक्षातही राहिला नव्हता. पिशवीतली वही उघडली त्या रात्री तो आठवला.

आमच्याकडे संस्था कमी नाहीत. हा सहकाराचा मुलूख. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा आम्ही लहानपणापासून पाहत आलो. विषय पुरता वाचून व्हायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" चा घोष सुरू होतो. सभासद पिशवीतली साखर आणि चहा-नाश्ता घेऊन घरी येतो. प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवणारे त्याचेच भाऊबंद असतात. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने बरखास्त करून प्रशासक नेमले. १९१२ पासून पुण्यात चाललेल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. कुणी दरोडेखोर दार फोडून आत शिरले नव्हते. कर्जे मंजुरीच्या टेबलावरूनच गेली होती. ठेवीदारांत पेन्शनवर जगणारे किती होते ते पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांना विचारा.

आणि वक्फ? सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिले की देशात सुमारे चार लाख नव्वद हजार नोंदलेल्या वक्फ मालमत्ता आहेत, बाजारभावाने किंमत एक लाख वीस हजार कोटी, आणि वर्षाचे उत्पन्न सुमारे १६३ कोटी. सरकारने बळकावलेल्या जमिनी आहेत, अतिक्रमणे आहेत, हे त्याच अहवालात आहे आणि ते खरेच आहे. पण बाजारातल्या जागेचे वर्षानुवर्षे न वाढलेले भाडे कुणाच्या सहीने चालते? २०२५ मध्ये नवा वक्फ कायदा आला तेव्हा आम्हीही मोर्चात होतो, तो राग खोटा नव्हता. बाहेरच्याने हात घातला की आपण रस्त्यावर येतो. आतल्याने घातला तर मात्र "घर की बात घर में". हे बोलले की कुणाच्या तरी हातात कोलीत दिले असा आरोप होतो, हे आम्हाला माहीत आहे. मास्तरांवरही तोच झाला होता. दुसऱ्या मोहल्ल्याला आपली अब्रू विकतात, असे लोक त्यांच्याबद्दल म्हणू लागले होते.

बैतुलमाल त्यानंतर दीडेक वर्ष चालला. चालला म्हणजे पेटी होती. पावत्या बंद झाल्या. लोकांनी विचारले काहीच नाही, फक्त हात आखडला. दहाचे पाच झाले, पाचाची चिल्लर झाली. चांगले कर्जदारही फेडीनासे झाले. अध्यक्षांचा मेहुणा देत नाही तर आम्हीच का, असा त्यांचा सवाल, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. चाचांना आम्ही आजही लुटारू म्हणणार नाही. आमच्या आजारपणात पहिली रिक्षा त्यांचीच यायची. त्यांना अडवले असते तर ते थांबले असते, असे आम्हाला अजून वाटते.

शेवटी ती खाला आली. नवऱ्याचे ऑपरेशन होते. तिने कधी कर्ज मागितले नव्हते, त्यामुळे ओशाळून उभी होती. "पेटी में कुछ हैं क्या बेटा? मैं लौटा देती." आम्ही तिला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि खाते पाहून सांगतो म्हणालो. खात्यात काय आहे ते आम्हाला माहीत होते. तिने सावकाराकडून पैसे उचलले. नवरा वाचला. पण मंडईतली बसायची जागा दुसऱ्याला देऊन ती लेकीकडे फलटणला निघून गेली. जाताना आमच्यापैकी एकाच्या घरी येऊन ढबू मिरच्यांची पाटी ठेवून गेली. तेवढा राग तरी करायचा होता तिने.

वही आता आमच्यापुढे आहे. मास्तरांचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. तारीख, नाव, रक्कम, पावती क्रमांक. खालाच्या नातवाची चिल्लरही जागच्या जागी आहे. मेहुण्याच्या कर्जापुढे त्यांनी लाल शाईने काहीही लिहिलेले नाही, फक्त "येणे" एवढाच शब्द. शेवटच्या पानावर शिल्लक मांडली आहे आणि खाली "हिशेब देणार" याच्यापुढे त्यांची सही. "हिशेब घेणार" याच्यापुढची जागा रिकामी आहे. आम्ही चौघांनी त्या जागेकडे बराच वेळ पाहिले. आता सही करावी का, यावर आमच्यात एकमत झाले नाही.

ईद झाल्यावर मोहल्ल्यातली पोरे आली. शिकलेली पोरे आहेत, एक तर पुण्यात हिशेब तपासणीचेच काम करतो. त्यांना पुन्हा बैतुलमाल काढायचा आहे, मोबाईलवरून वर्गणी, रीतसर नोंदणी, सगळे ठरवून आली होती. सल्लागार म्हणून आमची नावे हवी होती. चहा झाला. त्यातल्या एकाने नवीकोरी वही काढली, पान उलगडले आणि खालच्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "चाचा, इथं सह्या करा. ठराव आम्ही घरी जाऊन नीट लिहून काढतो."

आम्ही म्हणालो, आधी लिही, वाचून दाखव, मग करतो.

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. पेन पुढे धरणारा हसला. "भरोसा नै क्या चाचा?"

आम्ही त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला आणि तो लिहून होईपर्यंत बसून राहिलो.