तुमच्या स्क्रीनवर हे दिसत नसेल तर

पगाराच्या सॉफ्टवेअरची ऑनलाइन हेल्प लिहिणं हे माझं पुण्यातलं काम. सॉफ्टवेअर एकच, पण साखर कारखान्याच्या लेखापालाचा आणि हिंजवडीतल्या एचआरचा स्क्रीन शेजारी ठेवला तर दोन्ही एकाच घरातले वाटत नाहीत. कुणाकडे रजेला एका साहेबाची मंजुरी पुरते, कुणाकडे तिघांची लागते. ओव्हरटाइमचा टॅब अनेकांनी बंदच ठेवलेला.

व्यवसाय कराचंच घ्या. महाराष्ट्रात तो बहुतेकांचा दरमहा २०० रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ नं घातलेली मर्यादा तेवढीच आहे. दिल्ली-हरियाणात हा करच नाही. त्यामुळे ॲडमिननं शाखेचं राज्य गुरुग्रामसाठी हरियाणा निवडलं की तो रकाना गायब. मग तिथला माणूस हेल्प उघडतो, आणि हेल्प त्याला नसलेल्या रकान्यात आकडा तपासायला सांगते.

आम्ही हेल्प डिटा या पद्धतीत लिहितो. ती मूळची आयबीएमची, २००५ पासून ओएसिस या संस्थेचं मानक. परिच्छेदांना खुणा करायच्या आणि गाळून हवी ती आवृत्ती काढायची. विंडोजची वेगळी, मॅकची वेगळी, इथवर ते झकास चालतं. पण आम्ही गाळतो हेल्प तयार करताना, आणि ग्राहकाचा ॲडमिन चौकटीतली टिक काढतो कधीही, आम्हाला न विचारता. शिवाय चालू-बंद होणारी नुसती दहा सेटिंग्ज असली तरी १,०२४ प्रकारचे स्क्रीन संभवतात. तेवढ्या आवृत्त्या कोण काढणार!

त्यामुळे ॲडमिनची पानं वेगळी केली. सेटिंग काय करतं हे सांगणं सोपं असतं. खरा कस लागतो तो ‘बंद केल्यावर काय’ या प्रश्नाला. जुन्या नोंदी पुसल्या जातात की नुसत्या लपतात? महिन्याच्या मध्यावर ओव्हरटाइम बंद केला, तर आधी भरलेले तास पगारात धरायचे का? स्पेसिफिकेशनमध्ये हे बहुधा नसतंच. डेव्हलपर म्हणतो, “उघड आहे की!” आणि दुसरा डेव्हलपर नेमकं उलटं सांगतो. मग टेस्ट सर्व्हरवर स्वतः टिक काढून, पगार चालवून बघायचं. माझ्या मते या कामाचा अर्धा जीव याच तपासणीत आहे.

सामान्य वापरणाऱ्यांच्या पानांवर आधी प्रत्येक वाक्य ‘जर’नं सुरू व्हायचं; वाचवत नसे. आता वर एकच ओळ असते: हा टॅब कोणत्या सेटिंगमुळे दिसतो आणि ते कुठे आहे. यात टॅलीचा धडा कामी आला. तिथे कंपनीच्या सुविधा एफ ११ मध्ये आणि स्क्रीनपुरते पर्याय एफ १२ मध्ये असतात, म्हणून “एफ ११ ला जाऊन चालू करा” एवढं फोनवर सांगितलं तरी तालुक्याच्या गावचा अकाउंटंट ते करतो. स्क्रीनशॉट बहुतेक काढून टाकले. साहेबांना पानं ओकीबोकी वाटली, पण दुसऱ्याच कंपनीचा वाटणारा स्क्रीन बघून वाचणारा आणखी गोंधळतो.

नावांचा प्रश्न उरलाय. ग्राहक ‘अर्जित रजा’ला ‘हक्काची रजा’ करून ठेवतात. पानावर आता त्यांनी दिलेलंच नाव उमटतं, कारण ते सेटिंगमधून थेट उचललं जातं. शोध मात्र अजून आमच्या मूळ नावावरच चालतो. ‘हक्काची रजा’ टाइप केलं की निकाल शून्य. ते काम पुढच्या रिलीजला धरलंय.